बैलाचा खांदा शेकता, मग घरच्या लक्ष्मीचे काय?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतो. खांदा सुजला असेल तर शहाणा शेतकरी त्यावर जू ठेवत नाही. आज पिकाचे बाजूला ठेवून घरातल्या एका झाकल्या दुखण्याबद्दल लिहितो.

मागे आम्ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी महिलांना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरीला नेले. गटातल्या सर्वांत हुशार बाई ऐनवेळी आल्या नाहीत. मी नाराज झालो. पुढे त्या आमच्या सौ.जवळ मोकळेपणाने बोलल्या. खोकला, शिंक आली किंवा कापसाचे गाठोडे उचलले की त्यांना लघवी सुटायची. एस.टी.त तासन्‌तास बसणार कशा? लग्न, कीर्तन, माहेर, सारेच सुटले होते. त्यांच्या संमतीने, नावगाव न सांगता हे लिहितो आहे.

असे दुखणे सोसणाऱ्या त्या एकट्या नाहीत. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरात ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. आधी तशी तपासणी झालेल्या मात्र शंभरात आठच होत्या. बाकीच्या मुकाट सोसत होत्या.

लघवी का सुटते? मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. बाळंतीण लवकर जड ओझी उचलू लागली, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असला, पाळी गेली, की ते आणखी सैल पडतात. मधुमेह आणि लघवीतील जंतुसंसर्ग हीही कारणे असतात. यात बाईचा दोष नाही.

उपाय घरीच सुरू होतो. लघवी किंवा वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच अंक मोजावेत, मग तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट ताणू नये. डॉ. केगल यांनी १९४८ साली सांगितलेला हा व्यायाम आहे. निदान तीन महिने नेटाने करावा; एका पाण्याने पीक येत नाही. पाणी पिणे तोडू नका, त्याने जळजळ वाढते. चहा मात्र कमी करा.

अंग बाहेर येत असेल, लघवीत रक्त दिसले, ताप-जळजळ असेल, लघवी अडली किंवा बाळंतपणानंतर सतत गळत असेल, तर वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून पुढे बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. औषध, आधाराची रिंग, शस्त्रक्रिया असे इलाज आहेत.

आणि बंधूंनो, गाठोडे तुम्ही उचला. घरी संडास असू द्या. सासूबाईंनी सुनेला हसू नये. तिच्यासोबत दवाखान्यात जावे.

त्या बाईंनी व्यायाम धरला, दवाखाना केला. पुढच्या शिवारफेरीला त्या एस.टी.त सर्वांआधी येऊन बसल्या होत्या.