माळ कुणाचा? पाहणाऱ्यांचा की राबणाऱ्यांचा?

सोलापूर–बार्शी रस्त्यावर, नव्या पेठेपासून विसेक किलोमीटरवर, नान्नजचा माळ आहे. सुटीच्या दिवशी शहरातून मोटारी निघतात. काळविटांचे कळप पाहून मंडळी हरखतात आणि ‘माळढोक काही दिसला नाही’ अशी हळहळ करीत परततात. या हौसेशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते एका सोयीस्कर समजुतीशी : पर्यटक वाढले, तिकिटे खपली, निवास उभे राहिले, की वन्यजीव आपोआप वाचतील!

अनुभव काय सांगतो? १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! अवघ्या सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या अधिसूचनेतील अविचार कळतो. गावे, बाजारपेठा, ओलिताची शेते, सारेच कागदावर अभयारण्य झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला जमीन विकताना, घर बांधताना अडथळे येऊ लागले. ज्या पक्ष्याने त्याचे काहीच बिघडवले नव्हते, तोच पक्षी त्याला वैरी वाटू लागला. कित्येक वर्षांनी हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले, तेव्हा माळढोक बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

एका हाताने अभयारण्य लिहिणाऱ्या शासनाने दुसऱ्या हाताने काय केले? त्याच सुमारास, १९८० मध्ये, भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले, परंतु ते प्रामुख्याने उसाकडे वळले. अवर्षणप्रवण जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागली आणि माळ नांगराखाली गेले. साखरसम्राटाला अभयारण्याची झळ लागली नाही. ती लागली अल्पभूधारकाला आणि धनगराला.

या धोरणाचे मूळ वसाहतकालीन महसुली दृष्टीत आहे. जी जमीन सारा देत नाही ती पडीक! वस्तुतः गवताळ माळ ही उत्पादक जमीन आहे. दख्खनी मेंढी तिच्यावर जगते, घोंगडीची लोकर तिथलीच. माळढोकाची मादी साधारणतः एका हंगामात एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मेंढ्यांच्या पायांखाली घरटे तुडवले जाते हा आक्षेप म्हणूनच खोटा नाही. परंतु नेमक्या पावसाळ्यात, गवत उगवते तेव्हाच, कित्येक कळप माघारी येतात. त्या काळात माळ बंद ठेवायचा तर चाऱ्याची भरपाई धनगराच्या हाती आधी पडली पाहिजे. भरपाईवाचून बंदी म्हणजे गरिबाच्या खर्चाने श्रीमंताची सहल होय.

मॉरिशस बेटावरचा डोडो सतराव्या शतकातच नामशेष झाला. आज तो त्या देशाच्या राजचिन्हावर आहे. ऊस, रस्ते आणि विजेच्या तारा यांनी वेढलेला नान्नजचा माळ हेही आता एक बेटच आहे. देशभरात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत. तारांवर आदळून ते मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली राजस्थान व गुजरातपुरता हस्तक्षेप करावा लागला. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचा प्रयत्न चालू आहे. उद्या तिथली पिले इकडे आणायची ठरली, तरी सोडणार कोठे? उपाहारगृहाच्या अंगणात?

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. माळाची ‘पडीक’ ही नोंद पुसा. चराईचे वेळापत्रक ग्रामसभा व धनगर यांच्यासह ठरवा. काळविटांनी खाल्लेल्या ज्वारीची भरपाई त्याच हंगामात द्या. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा गावाला हक्काने मिळू द्या, उपकार म्हणून नव्हे. माळावर राबणाऱ्याला माळ राखण्यात लाभ दिसेल, तेव्हाच पाखरू टिकेल. अन्यथा पाहुणे येतच राहतील, फक्त पाहण्यासारखे काही उरणार नाही.