पडूनही गोल्ड मेडल? फिगर स्केटिंगच्या मार्कांचं गणित

2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये जपानचा युझुरू हान्यू फ्री स्केटमध्ये दोनदा पडला, तरी गोल्ड त्यालाच मिळालं. क्लिप बघून वाटतं, सेटिंग होती की काय! पण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये त्याने 101.45 पॉइंट घेऊन आघाडी घेतली होती, आणि मागे असलेल्या पॅट्रिक चॅनच्याही चुका झाल्या. उरलेलं उत्तर फॉर्म्युल्यात आहे.

प्रत्येक उडीला ठरलेले बेस पॉइंट असतात. नऊ जज ती उडी कशी झाली याची ग्रेड देतात. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ग्रेड काढून बाकीच्यांची सरासरी धरतात. पडलात तर वेगळा 1 पॉइंट कापला जातो.

आता लुट्झ नावाची उडी घ्या. 2018 च्या आधी हवेत चार फेऱ्यांच्या लुट्झला 13.60 पॉइंट होते. पडल्यावर ग्रेडमधून जास्तीत जास्त 4 जायचे, वर तो 1. तरी हातात 8.60! तीन फेऱ्यांच्या उडीला मात्र 6.00. म्हणजे साधी उडी नीट मारण्यापेक्षा अवघड उडी मारून पडणं फायद्याचं. आमच्या भाषेत हा सरळ बग होता.

2018-19 च्या सीझनपासून तो दुरुस्त झाला. चार फेऱ्यांना 11.50 केले आणि ग्रेड उणे 5 पर्यंत नेली. प्रत्येक ग्रेडला बेसचे 10 टक्के जातात. आता पडलात तर 5.75, त्यातून 1 वजा, उरले 4.75. तीन फेऱ्यांना 5.90. हिशेब उलटला.

पण याची किंमतही आहे. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हान्यूने चार फेऱ्यांची ॲक्सल मारली. फेरी थोडी कमी भरली आणि तो पडला. फेरी कमी म्हणून 12.50 चे 80 टक्के, म्हणजे 10. उणे 5 ग्रेड धरली तर 5, पडण्याचा 1 गेला की 4. तीन फेऱ्यांच्या ॲक्सलला 8 मिळतात. तोटा माहीत असूनही त्याने ती मारली आणि चौथा आला.

माझ्या मते 2018 चा बदल बरोबरच होता. फक्त एक लक्षात ठेवा: खेळाडू कशाची रिस्क घेणार, हे बऱ्याच अंशी फॉर्म्युला लिहिणारे ठरवतात. पुढच्या वेळी कुणी पडलं, तर आधी उडी कोणती होती ते बघा.