‘अनिर्दिष्ट’ घशाचे अर्थकारण

आकडेवारी तटस्थ असते, हा सुशिक्षित वर्गाचा लाडका समज आहे. रोगांच्या वर्गीकरणाबाबत तर तो अधिकच दृढ असतो. रोग निसर्गाचा, क्रमांक शास्त्राचा. यात राजकारण कुठले, असे विचारले जाते. नांदगाव तालुक्यातील मजुराच्या मुलाचा दुखरा घसा नोंदवहीत कसा उतरतो हे पाहिले की या भाबडेपणाचा निकाल लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या १० व्या सुधारणेत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील तीव्र संसर्गांना जे-०० ते जे-०६ असे क्रमांक आहेत. साधी सर्दी जे-००, घशाचा दाह जे-०२, टॉन्सिलचा जे-०३. आणि सरतेशेवटी जे-०६.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’ संसर्ग. असा एक कप्पा हवाच. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा मारा करणे हाच गुन्हा होय.

परंतु जे-०२.० हा क्रमांक वेगळा आहे. तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे होणाऱ्या घशाच्या दाहाचा. त्याकडे दुर्लक्ष झाले तर ५ ते १५ वर्षांच्या काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. दाटीवाटीच्या वस्तीत हा जिवाणू फोफावतो. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांत पेनिसिलिन मिळाले तर हा अनर्थ टळतो, आणि पेनिसिलिन हे स्वस्त औषध आहे.

मग योग्य क्रमांक पडत का नाही? घशातील स्राव तपासून जिवाणू वाढवून पाहायला एक-दोन दिवस लागतात. कांदे खुडणाऱ्या आईला मुलासाठी दोनदा यावे लागले तर दोन रोज बुडतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हे स्वागतार्हच. पण तपासणी मोफत झाली म्हणून बुडालेला रोज भरून येत नाही. त्यात नांदगाव अवर्षणप्रवण. पावसाने दगा दिला की कुटुंबे ऊसतोडीला निघतात, मुले कोपीत राहतात आणि तपासणीचा निकाल मागेच पडून राहतो. संधिवाताच्या तापानंतर दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे द्यावयाचे इंजेक्शनही मग चुकते. घसा स्वभावतः अनिर्दिष्ट नसतो; दारिद्र्य त्याला तसे करते.

पुढचे दुष्टचक्र ओळखीचे आहे. नोंद नाही म्हणून प्रश्न नाही. प्रश्न नाही म्हणून तरतूद नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात संधिवातजन्य हृदयरोग शोधला जातो, म्हणजे झडप बिघडल्यानंतर! महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. बाह्यरुग्ण विभागातील घसा तिच्या कक्षेबाहेर राहतो. स्वस्त प्रतिबंधाकडे पाठ फिरवून महागड्या दुरुस्तीला पैसा पुरवणारे हे अर्थकारण कोणाच्या हिताचे, हे सांगावयास नको.

या रोगाविरुद्ध जागतिक आरोग्य सभेने २०१८ साली ठराव केला. ठरावांना तालुक्यात उतरवण्याचे काम मात्र चळवळीलाच करावे लागते. कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. तालुक्यातील घसादुखीच्या नोंदींपैकी ‘अनिर्दिष्ट’ किती, हे दरमहा जाहीर करावे. संशयास्पद घशाची तपासणी शाळेत व ऊसतोडीच्या तळावरच व्हावी. उपचाराचे कार्ड स्थलांतरित मुलाबरोबर जावे आणि ते कोणत्याही जिल्ह्यात मानले जावे. ज्या मुलाचे दुखणे सरकारदरबारी अनिर्दिष्ट राहते, त्याचा हक्कही अनिर्दिष्टच राहतो.