मैल्यांतील अग्नि

कुकडी नदी माणिकडोह धरणाखालून जुन्नरजवळून वाहत येडगांवच्या जलाशयांत शिरते आणि तेंच पाणी पुढें कालव्यानें शेतांस मिळतें. आंबेगांव तालुक्यांत डिंभे धरणाखालीं घोड नदीची गोष्ट याहून निराळी नाहीं. अशा नदीकांठच्या गांवांतील शौचकूपांचा गाळ कोठें जातो, हा प्रश्न उच्चारणें सभ्यपणाचें नव्हे असें आम्हीं मानून ठेविलें आहे. टाकी भरली कीं उपसणारी गाडी येते. आणि जेथें दुसरी व्यवस्था नाहीं तेथें ती गांवाबाहेर रिकामी होते. पहिल्या पावसांत तो मैला ओढ्यावाटें पुनः नदीस मिळतो. आमच्या मतें ही केवळ अस्वच्छता नव्हे, ही उधळपट्टीहि आहे.

हवा न शिरणाऱ्या टाकींत मैला, शेण वा उष्टें अन्न कुजूं दिलें तर सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करितात आणि ज्वालाग्राही वायु निघतो. त्यांत निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो. दलदलींत बुडबुडे येतात ते याच वायूचे. आमच्याकडील उष्ण हवेंत हें काम सुमारें चाळीस दिवसांत होतें. थंडींत अधिक लागतात.

हें कांहीं परदेशांतून कालपरवां आलेलें खूळ नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांतील वायु गोळा करून वापरण्यांत येत होता. ज्यांस समाजानें दूर लोटिलें, त्यांच्याच वस्तींत हा उजेड प्रथम पडावा, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आपल्याच पुणें जिल्ह्यांत देहू येथें डॉ. सु. वि. मापुसकर हे १९५९ सालीं वैद्यकीय अधिकारी म्हणून आले व शौचालयास जोडलेल्या गॅसच्या टाक्यांकरितां त्यांनीं आयुष्य वेंचिलें. सरकारनें त्यांस २०१७ सालीं मरणोत्तर पद्मश्री दिली. देहू ते जुन्नर हें अंतर फार नाहीं; पण अनुकरणाचें अंतर मोठें दिसतें.

कारण उघड आहे. शेणाच्या गॅसवर भाकरी भाजण्यास कोणी नाक मुरडीत नाहीं. शौचालयाचें नांव काढतांच मात्र सोंवळें आडवें येतें. वायूस आपली उत्पत्ति ठाऊक नसते, आणि ज्वाला दोन्हींची सारखीच निळी असते.

तथापि या टाकीकडून भलत्या आशा धरूं नयेत. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला सुमारें एक घनफूट वायु मिळतो. पांच जणांच्या घराची चूल त्यावर चालणार नाहीं. शिवाय उरलेल्या गाळांत जंतांची अंडीं जिवंत राहूं शकतात, म्हणून तो कांहीं महिने वाळवून किंवा कंपोस्ट करूनच शेतांत घालावा. जो हें न सांगतां टाकी विकतो, त्यापासून सावध असावें.

वसतिगृहाचा हिशेब मात्र निराळा पडतो. दोनशें मुलांच्या मैल्यापासून साडेपांच घनमीटर आणि रोज शंभर किलो शेणापासून चार घनमीटर, मिळून साडेनऊ घनमीटर वायु होतो. तो सुमारें चार किलो सिलिंडरच्या गॅसाबरोबर आहे. सगळा स्वयंपाक होणार नाहीं, पण सकाळचा चहा-नाश्ता खासच होईल. घोडेगांवच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत चूल, मुलें आणि शौचालयें एकाच आवारांत आहेत. शेण शेजारच्या वाडींत मिळतें. प्रारंभ तेथेंच कां करूं नये?

आणि एक गोष्ट. २०१३ च्या कायद्यानें माणसाकडून मैला साफ करवून घेण्यास बंदी केली, तरी टाकींत उतरलेला माणूस विषारी वायूनें गुदमरल्याची बातमी अद्याप येतच असते. गॅसच्या टाकींतहि तोच धोका आहे. म्हणून जो गाळ नळीनें बाहेर काढतां येईल, अशीच टाकी बांधावी, आणि कंत्राटाच्या कागदावर पहिलें कलम हेंच असावें कीं तींत कोणीहि मनुष्य उतरणार नाहीं.