नको ते सबस्क्रिप्शन सुरूच, हवं ते मासिक बंद: 'रिन्यूअल'च्या मेसेजमध्ये नेमकी गडबड कुठे होते?

समजा, मीरा रोडच्या शांतीनगरमध्ये राहणाऱ्या एक ताई आहेत. विणकाम-क्रोशाची आवड. मागच्या वर्षी इन्स्टाग्रामवर त्यांना एका डिजिटल क्राफ्ट मासिकाची जाहिरात दिसली. पहिला महिना जवळपास फुकट, नंतर वार्षिक वर्गणी. त्यांना एकाच शालीचा पॅटर्न हवा होता. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी दिला, पॅटर्न उतरवून घेतला. काही दिवसांनी फोनची मेमरी भरली म्हणून ॲप उडवलं आणि विषय संपला.

तो संपलेला नव्हता. वर्षभराने बँकेचा मेसेज येतो की उद्या अमुक रक्कम कापली जाईल. त्यात नाव मासिकाचं नसतं, पैसे गोळा करणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं असतं. दिवसाला वीस मेसेज येतात, त्यात हाही एक. दुसऱ्या दिवशी पैसे जातात.

त्याच महिन्यात पुण्याहून पोस्टाने येणारं त्यांचं आवडतं त्रैमासिक यायचं थांबतं. मागच्या अंकाच्या वेष्टनावर पत्त्याच्या चिकटपट्टीजवळ बारीक अक्षरात 'वर्गणी समाप्त' असं छापलेलं होतं. वेष्टन फाडून केराच्या डब्यात गेलं, ते कोण वाचतं?

नको होतं ते आपोआप सुरू राहिलं आणि हवं होतं ते आपोआप बंद पडलं. या ताई काल्पनिक आहेत, पण हा घोळ घरोघरी होतो. मासिकाच्या जागी ओटीटी, जिमचं ॲप किंवा मुलांचं शिकवणीचं ॲप ठेवलं तरी गोष्ट तीच राहते.

गप्प बसण्याचा अर्थ बदलला

छापील मासिकांच्या जुन्या पद्धतीत वाचक गप्प बसला की वर्गणी संपायची. पैसे हवे असतील तर मासिकाला मागावे लागायचे. म्हणून पोस्टकार्डं यायची, अंकात मनीऑर्डरचा फॉर्म यायचा, काही जण सरळ व्हीपीपीने अंक पाठवायचे. भाषा अजिजीची असायची. स्मरणपत्रांचा कंटाळा यायचा, पण ती फाडून टाकली तरी खिशातून एक पैसा जात नव्हता.

ऑटो-रिन्यूअलमध्ये गप्प बसणं म्हणजे होकार. त्यामुळे तुम्हाला आठवण करून देण्यात विकणाऱ्याचा फायदा उरला नाही, उलट तुम्ही विसरलात तर त्याचं बरं. सूचना इतकी बारीक, इतकी उशिरा आणि इतक्या परक्या नावाने का येते, याचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

मग बँकेचा मेसेज तरी का येतो?

कारण रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा केला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आरबीआयने कार्डावरून ठरावीक काळाने कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी 'ई-मँडेट'चे नियम आणले. मुदतवाढ मिळत मिळत १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची पूर्ण अंमलबजावणी झाली. पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपीसारखी जादा पडताळणी लागते. नंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं, आणि त्या सूचनेतच 'नको' म्हणण्याची सोय द्यायची. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड बिलासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती १ लाखावर गेली. बहुतेक मासिकांची वर्गणी १५,००० च्या खूप खाली असते, म्हणजे दरवर्षी ओटीपी लागतच नाही.

नियम चांगला आहे. अमेरिकेतल्या ग्राहकांना असं बँकेकडूनच अडवण्याचं साधन इतक्या सहज मिळत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला होता की सबस्क्रिप्शन घेणं जितकं सोपं, तितकंच ते रद्द करणंही सोपं हवं. जुलै २०२५ मध्ये तो अंमलात येण्याच्या तोंडावर तिथल्या अपील कोर्टाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द केला. त्याच कमिशनने ॲमेझॉनवर प्राइम सबस्क्रिप्शनवरून खटला भरला होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' म्हणायचे, असं तक्रारीत म्हटलं होतं. होमरच्या लांबलचक महाकाव्याचं नाव! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलर देऊन, चूक मान्य न करता, ते प्रकरण मिटवलं.

पण आपल्या नियमातही एक फट आहे. महिन्याला कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी २४ तासांची सूचना पुरते, कारण या महिन्यात चुकलं तर पुढच्या महिन्यात लक्षात येतं. वार्षिक वर्गणीत चुकलं की पुढची संधी थेट ३६५ दिवसांनी. सकाळची विरार लोकल पकडून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात त्या २४ तासांतला खरा वेळ किती उरतो?

उलटाही त्रास आहे

परदेशी क्राफ्ट मासिकं मागवणाऱ्यांना या नियमाने वेगळाच फटका दिला. नियम देशाबाहेरच्या व्यवहारांनाही लागू आहे. ज्या परदेशी विक्रेत्यांनी भारतीय पद्धतीची व्यवस्था केली नाही, त्यांच्याकडून येणारी आपोआप कपात ऑक्टोबर २०२१ नंतर बँका नाकारू लागल्या. ॲपलसारख्या कंपनीनेही २०२२ मध्ये भारतीय कार्डं घेणं थांबवलं आणि यूपीआय, नेट बँकिंगवर भिस्त ठेवली. मग विणकामाच्या पॅटर्नचं छोटं परदेशी मासिक कुठून वेगळी व्यवस्था करणार? वाचकाला वर्गणी भरायची असते, खात्यात पैसे असतात, तरी 'पेमेंट फेल' आणि 'शेवटची सूचना' असे मेल येत राहतात. त्यावर उपाय एकच, ऑटो-रिन्यूअल बंद करून दरवर्षी ओटीपी देऊन एकदाच पैसे भरायचे. अर्थात, त्या वेबसाइटवर तशी सोय असेल तर.

शिवाय वर्षाचे पैसे आगाऊ देण्यात एक धोका असतो, तो फारसा बोलला जात नाही. 'इंटरवीव्ह निट्स'सारखी विणकामाची नावाजलेली मासिकं काढणारी एफ अँड डब्ल्यू मीडिया ही अमेरिकन कंपनी मार्च २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मासिकं वेगवेगळ्या हातांत विकली गेली. अशा वेळी पुढच्या अंकांचे पैसे भरून बसलेला वर्गणीदार येणेकऱ्यांच्या रांगेत शेवटाकडे उभा असतो.

छोट्या मराठी मासिकांचं काय?

इथे राग थोडा आवरायला हवा. मराठी नियतकालिकांची स्मरणपत्रं वेळेच्या आधी येतात, दोनदा येतात, पैसे भरल्यावरही येतात. जोडअंक काढला की दोन अंक धरले जातात, आणि बारा अंकांची वर्गणी दहा वेष्टनांत संपते. या तक्रारी खऱ्या आहेत. पण लवकर पैसे मागण्यामागे बहुतेकदा साधी ओढाताण असते. पुढच्या वर्षाच्या वर्गणीतून या महिन्याच्या छपाईचं बिल जातं. हिशोबाच्या वहीत ते पैसे मासिकावरचं देणं असतं, प्रत्यक्षात ते कागदवाल्याकडे पोहोचलेले असतात.

त्यात पोस्टाची भर. नोंदणीकृत नियतकालिकांना पोस्टात पैशांमध्ये मोजावा असा स्वस्त दर मिळत आला आहे. पण १८९८ च्या पोस्ट कायद्याची अट होती की दोन अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. मासिकांना ते जमतं. हस्तकलेसारख्या कमी वाचकांच्या विषयावर निघणारं द्वैमासिक किंवा त्रैमासिक मात्र या सवलतीत बसत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा बंद झाली, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. अंक पोहोचल्याची खात्री हवी असेल तर जास्त पैसे मोजावे लागतात. साध्या टपालाने पाठवला तर तो कुठे अडकला हे कळायला मार्ग नाही.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न जास्त टोचतो. २००१ च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आसपास लोक होते, २०११ मध्ये आठ लाखांवर गेले. एकसारख्या नावांच्या सोसायट्या, त्यांच्या विंग, त्यांचे सेक्टर. मीरा रोडचा पिन ४०११०७, भाईंदर पूर्वचा ४०११०५, पश्चिमेचा ४०११०१. एक आकडा चुकला की अंक रुळांच्या दुसऱ्या बाजूला. वाचक समजतो मासिक बंद पडलं, मासिक समजतं वाचकाला नको आहे.

आणि खोट्या सूचना

खऱ्या सूचनांचा इतका पूर आला की त्यात खोट्या सहज लपतात. 'तुमचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं, इतके डॉलर कापले, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा' असा मेल हा त्यातला ठरलेला प्रकार. 'गीक स्क्वॉड' या संगणक दुरुस्ती सेवेच्या नावाने फसवल्याच्या सुमारे ५२,००० तक्रारी २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आल्या. मीरा रोडला या धंद्याची दुसरी बाजू ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं होतं. तिथून टॅक्स अधिकारी असल्याचं सांगून अमेरिकन लोकांना धमकावलं जायचं. तिथे धाक टॅक्सचा होता, इथे कापल्या गेलेल्या पैशांचा असतो, पण घाबरलेल्या माणसाला फोनवर धरून ठेवायची युक्ती तीच. सूचनेत दिलेल्या नंबरवर फोन करायचाच नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवायचं.

आता ताईंनी काय करायचं?

ॲप उडवल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, हे आधी. कार्डावर दिलेली परवानगी बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर ई-मँडेटच्या यादीत दिसते. यूपीआयवर दिलेली असेल तर यूपीआय ॲपच्या 'ऑटोपे' विभागात. मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथली सबस्क्रिप्शनची यादी वेगळी. तिन्ही ठिकाणी एकदा डोकावावं लागतं. परवानगी बँकेकडे रद्द करता येते, त्यासाठी मासिकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. मासिकाकडचं खातं मात्र वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर 'पेमेंट फेल'चे मेल सुरू होतात.

रद्द करायचं बटणच सापडत नसेल तर तो कायद्याने गैरप्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ 'डार्क पॅटर्न' जाहीर केले, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. रद्द करण्याची वाट लपवणं किंवा किचकट करणं त्यात येतं, आणि फुकट सेवेसाठी कार्डाची माहिती सक्तीने मागणंही. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे भागलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. काहीशे रुपयांसाठी आयोगापर्यंत किती जण जातील, हा भाग वेगळा. कंपन्यांनाही ते माहीत असतं.

राहिलं ते पुण्याचं त्रैमासिक. त्याला ऑटोपे नाही, एक यूपीआय क्यूआर कोड आहे. पैसे पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत वर्गणीदार क्रमांक, नाव आणि पिन कोड लिहायचा, आणि त्याचा स्क्रीनशॉट कार्यालयाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. नुसते पैसे पाठवले तर तिकडे खात्यात एक रक्कम जमा दिसते, ती कुणाची हे कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात 'वर्गणी समाप्त'चा मेसेज पुन्हा येतो.