माघारीचा बिगूल

निपाणीकडचे एक परिचित गृहस्थ परवा कॅम्पातील आमच्या घरी आले होते. उमेदीची सारी वर्षे तंबाखूच्या वखारीत गेली आणि चिमूटभर तंबाखू सदैव गालातही राहिली. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, परंतु गाठ आता पुन्हा उठली आहे. ते म्हणाले, "डॉक्टर, उभ्या जन्मात ताप कधी दोन दिवसांवर टिकला नाही. मग याच दुखण्यापुढे माझ्या प्रतिकारशक्तीने हात का टेकले?"

प्रश्न रास्त होता. वाचकहो, प्रतिकारशक्ती दरवेळी दुबळीच पडते असे नाही. पुष्कळदा तिला थांबण्याचा हुकूम मिळालेला असतो.

कॅम्प म्हणजे बेळगावची लष्करी छावणी. सैन्याला चढाईचा इशारा जितका आवश्यक, तितकाच माघारीचाही, हे येथे कोणास सांगावयास नको. शरीराचेही तसेच आहे. विषाणू शिरला की टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी बाधित पेशींचा नाश करतात. परंतु काम फत्ते झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत, तर आपल्याच निरोगी अवयवांवर तुटून पडतील. म्हणून त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचे नियामक प्रथिन असते. जपानमधील क्योटो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९२ मध्ये उजेडात आणले. हे प्रथिन म्हणजे टी-पेशीचा कान, आणि इतर पेशींवरील पीडी-एल१ हे प्रथिन म्हणजे माघारीचा बिगूल.

चिवट विषाणू शरीरात दीर्घकाळ ठाण मांडून बसला, तर हा बिगूल वाजतच राहतो आणि टी-पेशी शत्रूसमोर असूनही थकून स्वस्थ बसतात. हैदराबादेत जन्मलेले शास्त्रज्ञ रफी अहमद व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की हा इशारा अडविला तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात.

कर्कपेशी याहून धूर्त. त्या हा बिगूल चोरून स्वतःच वाजवितात. किंबहुना टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन नावाचे जे प्रथिन सोडतात, त्याचीच चाहूल लागून कर्कपेशी अंगावर अधिक पीडी-एल१ चढवितात. निव्होलुमॅबसारखी औषधे टी-पेशीच्या कानात जणू बोळा घालतात. मग खोटा हुकूम ऐकूच जात नाही. या दिशेच्या कार्याबद्दल होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु औषधाची किंमत ऐकली की सामान्य माणसाचे अवसान गळते. येथे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम मोलाचे ठरते. डोके व मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांवर तेथे एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे दिली आणि निम्म्यांना त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. येथे दिली ती दर तीन आठवड्यांस अवघी २० मिलिग्रॅम. वर्षाअखेर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे १६ जण हयात होते, तर इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी सुमारे ४३.

हा चमत्कार नव्हे. अनेकांना गुण येत नाही. आणि लगाम सैल झाल्याने कधी फुप्फुस, आतडे वा थायरॉईड ग्रंथी आपल्याच पेशींच्या माऱ्यात सापडते. तरीही ज्या मुलखात कित्येक घरांच्या चुली तंबाखूवर पेटल्या आणि त्याच तंबाखूने कित्येक कर्ती माणसे नेली, तेथे औषधाचा बारावा हिस्सा उपयोगी पडतो ही वार्ता लहान नाही. शेत विकावे की उपचार सोडावा, या पेचातून काही घरे तरी सुटतील.

सारे ऐकून गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझे शिपाई अजून आहेत तर?"

"आहेत," मी म्हणालो. "तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना या लहान मात्रेविषयी अवश्य विचारा. आणि मुलाच्या खिशातली पुडी आजच काढून घ्या."