मूर्तीचें माप

एखादी मूर्ति पाहून ‘काय हुबेहूब आहे!’ असें आपण म्हणतों आणि तेथेंच थांबतों. आमच्या मतें खरें पाहणें त्यापुढें सुरू होतें.

ऑस्ट्रेलियांत जन्मलेले शिल्पकार रॉन म्यूक यांच्या दोन मूर्ति आम्ही छायाचित्रांतून पाहिल्या. पहिली १९९७ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत मांडलेली, त्यांच्या मृत वडिलांची. त्वचेची सुरकुती न् सुरकुती खरी, केस तर शिल्पकाराचे स्वतःचे. पण लांबी अवघी सुमारें १ मीटर! दुसरी १९९९ सालची, डेन्मार्कमधील ऑर्हूसच्या संग्रहालयांत असलेली, उकिडव्या बसलेल्या मुलाची. ती ४ मीटरांहून उंच.

बाप लहान आणि मूल डोंगराएवढें, हें प्रथम आम्हांस विपरीत वाटलें. मग उमगलें, कीं ज्यांच्याकडे बालपणीं मान वर करून पाहिलें, ते वडील अखेरच्या निद्रेंत असेच लहान दिसतात. आणि अंग चोरून बसलेल्या मुलाचें भय मोठ्यांस वाटतें त्याहून फार मोठें असतें. हुबेहूबपणा हातास साधतो. माप मात्र अंतःकरणानें ठरवावें लागतें.

म्हणून पालकांस एवढीच विनंति, कीं मुलाच्या चित्रांत आईचा हात घराहून मोठा दिसला, तर चूक म्हणून तो खोडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.